काका कधी ‘कृपया’ म्हणतात का?

शुक्रवारी पहाटे पाचला नळ आला तो भळाभळा, आणि अख्ख्या आळीत भरायला एक रिकामं भांडं नाही. हंडे भरलेले, कळश्या भरलेल्या, लोणच्यासाठी धुऊन उन्हात वाळवलेल्या बरण्यासुद्धा पाण्यानं भरलेल्या. पलीकडच्या नानांनी तर म्हणे चहाची किटलीही सोडली नाही. मे महिन्यात चिपळुणात नळाचं पाणी गटारात जाताना बघायचं म्हणजे जीव तुटतो. पण करणार काय? आदल्या रात्री नऊ वाजता आळीच्या ग्रुपवर आमच्या ह्यांच्या आवाजात निरोप आला होता: ‘नमस्कार मंडळी. उद्या सकाळी पाच वाजता पाणी येणार नाही. परवाही येणार नाही. कृपया सर्वांनी पुरेसा साठा करून ठेवावा.’ झालं! अकरा वाजून गेले तरी नानांच्या विहिरीवर रहाटाची करकर चालू होती. सकाळी विहिरीत डोकावलं तर तळाचा कातळ दिसत होता.

सहाच्या सुमाराला शेजारीण गडग्याशी आली. आमच्या दोन घरांमधला हा गडगा जांभ्याचा, कंबरेएवढा. वरचे चिरे आमच्या कोपरांनी झिजून गुळगुळीत झालेत. विरजणापासून विळीपर्यंत सगळं त्यावरून इकडचं तिकडं गेलंय, बातम्यांचं तर विचारूच नका. आगोटीचे दिवस, त्यामुळं तिचे हात रातांब्यांनी मनगटापर्यंत लाल.

“काकू, काका उठलेत का?” तिनं विचारलं. उठले नसतील तर उठवा, असा सूर.

पाण्याचा वॉल्व्ह सोडणारा मनुष्य ह्यांच्या ओळखीचा. काही बिघाड असला की तो ह्यांना फोन करतो आणि हे ग्रुपवर ऑडिओ टाकतात; टायपायचं तर चष्मा शोधावा लागतो ना! गेली चार वर्षं हे असंच चाललंय. गुरुवारी मात्र साठं घालून दमल्यामुळं मी आठलाच आडवी झाले होते, आणि हे तर साडेआठनंतर जागे असतातच कधी?

ब्रश तोंडात तसाच धरून हे बाहेर आले. तिनं ऑडिओ लावला. ह्यांनी एकदा ऐकला. तोंड धुऊन आले, परत ऐकला. तिसऱ्यांदा फोन कानाला लावून, डोळे मिटून ऐकला.

“आवाज माझाच आहे,” ते म्हणाले. “पण मी हे बोललेलो नाही.” आणि मग माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू! अडुसष्टाव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दल एक भीती असतेच. हळूच विचारलं, “बोललो का गं मी?”

मला पोटात कसंतरी झालं. पण शेजारीण फटकन म्हणाली, “छे हो! तुम्ही कधी ‘कृपया’ म्हणता का? मला काल रात्रीच शंका यायला हवी होती.”

खरंच की! ह्यांचा नेहमीचा निरोप असा: ‘उद्या पाणी नाही. भरून ठेवा. नंतर माझ्या नावानं ओरडू नका.’ नमस्कारही नाही, चमत्कारही नाही. आणि मी जन्मभर मराठी शिकवलेली बाई, मला आणखी एक ऐकू आलं. ‘पाच’मधला च हिंदीतल्या ‘सच’सारखा होता आणि ‘वाजता’मधला ज ‘बाजा’सारखा. आपण हे च-ज दाताला जीभ टेकवून म्हणतो. बाहेरच्या माणसाला ते चटकन जमत नाहीत. “हे बोलणारं चिपळूणचं नाही,” मी जाहीर केलं.

तेवढ्यात पडवीतून दबलेलं हसू ऐकू आलं. ठाण्याहून सुट्टीला आलेला आमचा तेरा वर्षांचा नातू चटईवर पालथा पडलेला आणि खांदे गदागदा हलतायत.

त्याला फार उलटं विचारावं लागलं नाही. ग्रुपवरचा आजोबांचा एक जुना ऑडिओ घेतला, कसल्याशा फुकटच्या अ‍ॅपमध्ये घातला, हवं ते वाक्य टाइप केलं आणि आजोबांच्याच फोनवरून पाठवलं. “अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुरला, आजी,” हे वर अभिमानानं. मी नंतर वाचलं, मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३च्या जानेवारीतच तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज उचलून दाखवला होता. म्हणजे आमच्या कारट्यानं सत्तावीस सेकंद वायाच घालवले म्हणायचे.

हे रागावतील असं वाटलं होतं. पण रागावले नाहीत. खुर्चीत बसले आणि एवढंच म्हणाले, “पुराचा केला असतास तर?”

पोरगं हसायचं थांबलं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी आमच्या घरात कुठवर आली होती ती रेघ भिंतीवर रंग दिला तरी उमटतेच. त्यानंतर पावसाळ्यात जरा जोर धरला की अख्खी आळी फोन उशाशी घेऊन झोपते. अशा रात्री ह्यांच्या आवाजात ‘पाणी चढतंय, निघा’ असं आलं असतं, तर नानांसारखा पंचाहत्तरीचा माणूस काळोखात कुठं धावला असता?

“मला अकरा वाजता सांगायचं होतं,” नातू पुटपुटला. “पण तोपर्यंत सगळेच विहिरीवर होते.”

शिक्षा शेजारणीनंच सुनावली. घरोघरी जाऊन कबुली द्यायची, आणि साठवलेलं जादा पाणी नेऊन नानांच्या पोफळींना घालायचं. दुपारपर्यंत पोराचे तळहात हंड्याच्या काठानं सोलवटले होते.

इथवर सगळं गमतीचं. दुपारी भांडी झाल्यावर शेजारीण परत आली, या वेळी हात धुऊन आणि आवाज खाली करून. तिची चिऊ आठवीतून नववीत गेली. मला वाटत होतं अभ्यास वाढला म्हणून पोर हल्ली दिसत नाही. तसं नव्हतं.

मार्चमध्ये वर्गातल्या एका मुलानं स्नेहसंमेलनाच्या फोटोतला चिऊचा चेहरा उचलला आणि एका सिनेमातल्या नाचणाऱ्या बाईला लावला. आठ सेकंदांची क्लिप. वर्गातल्या मुलांच्या वेगळ्या ग्रुपवर फिरली. चिऊनं बारा दिवस घरात काही सांगितलं नाही. डबा तसाच परत आणायची. तेराव्या दिवशी सांगितलं.

“आणि काकू, मी तिला पहिलं काय म्हटलं माहितीय?” शेजारीण चिऱ्यावरचं शेवाळ नखानं खरवडत होती. “म्हटलं, कशाला टाकायचे फोटो? तिनं टाकलाच नव्हता. तो शाळेच्या ग्रुपवरचा होता. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्यानंतर आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.”

तिनं मुलाच्या घरी जाऊन स्क्रीनशॉट दाखवला, तर त्याचे वडील म्हणाले, “हल्ली काय, हा स्क्रीनशॉटही एआयनं केलेला असेल.” वा रे वा! म्हणजे खोटं करायची सोय झाली तशी खरं नाकारायचीही झाली. शाळेत ‘मुलं आहेत, मस्करी करतात’ म्हणून विषय मिटवला.

मला यात एक गोष्ट फार टोचली. ती क्लिप खोटी आहे हे वर्गातल्या एकूण एक पोराला माहीत होतं. कुणीही फसलं नव्हतं. तरी हसले, पुढं पाठवली. आपण सगळे घसा कोरडा करतो की मुलांना खरं-खोटं ओळखायला शिकवा. अहो, ओळखून चिऊचं काय भलं झालं? नोव्हेंबर २०२३मध्ये रश्मिका मंदानाचा तो लिफ्टमधला व्हिडिओ आला, तोही खोटा असल्याचं लगेच जाहीर झालं होतं. ज्या बाईच्या अंगावर रश्मिकाचा चेहरा चिकटवला ती झारा पटेल नावाची तिकडं ब्रिटनमधली मुलगी. तिचा तर चेहराच पुसून टाकला. तिच्याबद्दल आपल्याकडं कुणी हळहळल्याचं मला आठवत नाही.

मी शेजारणीला स्पेनमधल्या आल्मेंद्रालेखो गावाची बातमी सांगितली. छोटं गाव, २०२३च्या सप्टेंबरात उघडकीला आलेलं प्रकरण. शाळकरी मुलांनी वीसहून अधिक मुलींचे साध्या फोटोंवरून बनावट अश्लील फोटो केले. एका आईनं तोंड लपवायचं नाकारलं, उघड बोलली. तशा बाकीच्या आया पुढं आल्या. पुढच्या वर्षी पंधरा अल्पवयीन मुलांना एक वर्ष देखरेखीखाली ठेवायची शिक्षा झाली. तसले फोटो असतील तर ‘टेक इट डाऊन’ म्हणून फुकट सोय आहे. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा नुसता आकडी ठसा जातो आणि त्यावरून कंपन्या तो काढतात. आपल्याकडं सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर बायका-मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे, मुलांसाठी १०९८ आहे. पुरावा पुसायचा नाही आणि ‘बघ ना काय केलंय’ म्हणून कुणाला पुढंही पाठवायचा नाही. हे सगळं मी शिक्षिकेच्या थाटात सांगत होते आणि सांगता सांगता माझं लक्ष अंगणाकडं गेलं. आमचा नातू कळशी घेऊन चालला होता. ह्यानं आजोबांचा आवाज घेतला, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, हुशार आहे हो पोरगं. चिऊच्या वर्गातल्या त्या मुलाच्या आजीनंही तसंच म्हटलं असेल.

“रविवारी सगळ्या पोरांना माझ्या पडवीत पाठव,” मी म्हटलं. “फणस कापते.”

आठ पोरं आली, बारा ते चौदा वयाची. चिऊ येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. आईच्या मागं न बसता पुढं बसली. झोपाळ्यावर नाना. त्यांची विहीर गेली होती, त्यामुळं त्यांना बोलावण्याची गरजच नव्हती.

मी तयारी करून बसले होते. वहीत लिहिलं होतं: बोटं मोजा, कानातले डूल दोन्ही सारखे आहेत का बघा, डोळ्यांची उघडझाप बघा. पहिलं वाक्य बोलले आणि पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागली. “आजी, सहा बोटं कधीच गेली. आता पाचच येतात.” वर नातवानं मलाच माहिती पुरवली की माझी ती डोळ्यांची खूण २०१८ची. अमेरिकेत अल्बनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की बनावट चेहरे पापण्या पुरेशा लववत नाहीत, आणि ते वाचून बनवणाऱ्यांनी थोड्याच दिवसांत पापण्या लववणारे चेहरे केले. चोराला कुलूप कसं उघडतं ते छापून सांगितल्यासारखंच झालं की हो! माझा तो ‘पाच’मधला च तरी किती दिवस टिकणार? पुढच्या सुट्टीत यंत्र आळीतल्यासारखं बोलेल. मी वही बंद केली, त्यावर गऱ्यांची परात ठेवली आणि म्हटलं, मारीच कोण ते सांगा.

एवढं सगळ्यांना येत होतं. सोन्याचं हरीण झालेला. मी म्हटलं, हरणाचं सोडा, मरताना काय केलं? रामाच्या आवाजात ओरडला. सीता घाबरली, लक्ष्मणाला म्हणाली, जा. लक्ष्मण म्हणाला, हा दादा नाही, दादा असा हाका मारणार नाही.

“म्हणजे काकांच्या ‘कृपया’सारखं,” एक पोरगी म्हणाली.

“पण त्याला कळून उपयोग काय झाला?” हे चिऊ. इतका वेळ ती गप्प होती. “सीता त्याला वाटेल तसं बोलली. मग जावंच लागलं ना त्याला.”

पडवीत क्षणभर कुणी बोललं नाही. मी वर्गात मारीच पाच-पन्नास वेळा सांगितला असेन. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घरातलं माणूस घाबरून आत्ताच्या आत्ता म्हणून मागं लागलं की शहाणाही रेषा ओलांडतो. ते ‘डिजिटल अरेस्ट’वाले दुसरं काय करतात? खाकी कपडे घालून व्हिडिओ कॉलवर बसतात आणि फोन ठेवूच देत नाहीत, विचार करायला पाच मिनिटं मिळू देत नाहीत. असल्या भामट्यांबद्दल पंतप्रधानांना २०२४च्या ऑक्टोबरात ‘मन की बात’मध्ये बोलावं लागलं. हाँगकाँगमध्ये तर एका कंपनीतला कर्मचारी व्हिडिओ बैठकीला बसला, समोर साहेब आणि ओळखीची सहकारी मंडळी. त्यांचं ऐकून त्यानं सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. बैठकीत त्याच्याशिवाय खरं कुणीच नव्हतं.

“मग लक्ष्मणानं काय करायला हवं होतं?” मी विचारलं. मला स्वतःला उत्तर माहीत नव्हतं.

सगळ्यात लहान पोरगा, तोंडात गरा, म्हणाला, “रामाला उलट हाक मारायची.”

नाना झोपाळ्यावर ताठ झाले. “शाबास! आणि तुम्ही सगळ्यांनी परवा मला हाक मारली असती तर माझी विहीर वाचली असती.”

तसं पाहिलं तर तीच गोष्ट. आळीत चाळीस घरं, आणि दोन पावलांवर आमचं दार. एकानं कडी वाजवली नाही. दिवा बंद दिसला म्हणून संकोच केला म्हणे. नंबरावर उलट फोन लावावा, दुसऱ्या कुणाला विचारावं, ही अक्कल पोरांना शिकवायची तर मोठ्यांनी आधी शिकायला हवी. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी एकदा इतिहासातले पीएचडी झालेले दहा जण, पंचवीस विद्यार्थी आणि बातम्या तपासणारे दहा जण अशांना वेबसाइटी दाखवून कोण कशी पारख करतो ते पाहिलं. विद्वान मंडळी पान नीट वाचत बसली आणि त्यांतले बरेच फसले. तपासनीस मात्र पान धड न वाचताच बाहेर पडले, दुसरी खिडकी उघडली आणि हे लिहिणारा कोण, याची चौकशी केली. म्हणजे आळीत नवीन भाडेकरू आला की आम्ही बायका करतो तेच. त्याच्या बैठकीत बसून त्याचं त्याच्याबद्दलचं मत कुणी ऐकत नाही. आधीच्या घरमालकिणीला फोन लावते शेजारीण. आम्हाला लोक चौकस म्हणून हसतात!

पोरांना मी सचिन तेंडुलकरची ती २०२४च्या जानेवारीतली क्लिप सांगितली. सचिनच सांगतोय की अमुक गेम खेळा, माझी मुलगी रोज कमावते. चेहरा त्याचा, आवाज त्याचा. त्यानं स्वतः ती खोटी असल्याचं कळवलं. “क्लिपमधलं काय बघाल?” तर एकजण म्हणाला, क्लिप नाहीच बघायची, सचिनच्या पानावर आहे का ते बघायचं. दुसरीनं विचारलं, “त्याला पैसे कमी आहेत का?” हाही प्रश्न काही वाईट नाही.

“हे सगळं या मोबाइलमुळं,” नाना म्हणाले. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं.”

आता मात्र मला राहवेना. “नाना, २१ सप्टेंबर १९९५ला तुम्ही कुठं होतात?”

नाना झोपाळ्याची कडी बघायला लागले. मी सांगते कुठं होते. हातात दुधाची वाटी घेऊन गणपतीच्या देवळाबाहेर, माझ्यापुढं तीन माणसं सोडून. होय, मीही रांगेत होते. विज्ञान शिकवणाऱ्या सहकारी बाईंनाही बरोबर नेलं होतं. मोबाइल नाही, इंटरनेट नाही, तरी एका दिवसात ती बातमी देशभर आणि पार लंडनच्या देवळांपर्यंत पोचली. चमचा सोंडेला लावला की दूध ओढलं जायचं आणि पातळ थर होऊन दगडावरून ओघळायचं. पृष्ठताण, दुसरं काही नाही. पायाशी साचलेलं दूध आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. कुणी तिकडं बघितलं नाही.

“प्यायलाच होता,” नाना म्हणाले, आणि पोरं हसून हसून लोळली.

मग त्यांना दोन मुलींची गोष्ट सांगितली. इंग्लंडात कॉटिंग्ली नावाचं खेडं. १९१७ साली सोळा वर्षांची एल्सी आणि नऊ वर्षांची फ्रान्सिस यांनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. कागदावर चित्रं काढून कापली, टोपीच्या टाचण्यांनी गवतात खोचली. आणि फसलं कोण? शेरलॉक होम्स लिहिणारे आर्थर कॉनन डॉयल! त्यांनी १९२०मध्ये मासिकात त्यावर लेख लिहिला. दोघींनी कबुली दिली ती १९८३ साली, म्हाताऱ्या झाल्यावर. डॉयल जाऊन तोवर पन्नासहून अधिक वर्षं झाली होती. इतका मोठा माणूस फसला म्हटल्यावर सांगायची लाज वाटत राहिली, असं त्यांचं म्हणणं. फ्रान्सिस तर पाचवा फोटो खरा आहे असं शेवटपर्यंत म्हणत होती.

नातू एकदम म्हणाला, “मला समजतंय त्यांचं. अकरा वाजता सगळे विहिरीवर होते ना.”

शेवटची गोष्ट सांगू की नको असं झालं होतं. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलं आपल्याला वाटतं त्याहून जास्त पेलतात. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर भागातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा आधीच फोनांमधून पसरली होती. जमावानं त्या पाचांना ठेचून मारलं. त्या साली देशभर एक क्लिप फिरत होती: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यातून मूल उचलून नेतात. ती कराचीतली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती, आणि पुढच्याच क्षणी ते दोघे मूल परत आणून ठेवतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. एआय नाही, काही नाही. नुसती कात्री. ‘नरो वा कुंजरो वा’मधलं कुंजर शंखांच्या आवाजात बुडवलं, तसंच. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचांपुढं निरोप पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली.

गरे संपले होते. कुणी आठळ्याही मोजल्या नाहीत. “मग कशावरच विश्वास ठेवायचा नाही का?” एकानं विचारलं. मी काही बोलायच्या आत चिऊ म्हणाली, “असं नको. मी खरं सांगितलं तेव्हा त्याचे बाबा तसंच म्हणाले होते.”

तिची आई गडग्यापलीकडं रातांबे फोडत होती. ऐकू गेलं असणारच, कारण सुरी थांबली.

निघताना पोरांनी ठरवलं की घरोघर एक परवलीचा शब्द हवा. रडका फोन आला, पैसे मागितले की शब्द विचारायचा. कल्पना उत्तम. आमच्या घरी मी, हे आणि नातू यांनी दार लावून शब्द ठरवला. दुसऱ्या दिवशी मी परसात आणि हे पुढच्या दारी, तिथून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, “अगं, आपला तो गुप्त शब्द काय ठरला होता? आंबोशी की आमसूल?” शेजारीण पलीकडून म्हणाली, “आंबोशी, काका. आमसूल आमचा आहे.”

काल संध्याकाळी वॉल्व्हवाल्याचा फोन आला. पाइप फुटलाय, सकाळी पाणी नाही. ह्यांनी ग्रुपवर ऑडिओ टाकला. एकही अंगठा उठला नाही. पाच मिनिटांनी गडग्याशी चिऊ उभी.

“आजोबा, हा तुम्हीच टाकलात का?”

“मी नाही तर काय माझ्या भुतानं टाकला?” हे आतून खेकसले. “दहा वेळा काय विचारायचं! भरायचं तर भरा, नाहीतर बसा बोंबलत!”

चिऊनं मागं वळून हाक दिली, “आई, ओरिजिनल आहे!” आणि हंडा उचलून नानांच्या विहिरीकडं निघाली.